महाविद्यालयाची वाट नववींतच आंखावी

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा इ. स. १८५९ मध्यें झाली. तींत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. त्या काळीं उच्च शिक्षणाचा दरवाजा एक होता व त्याची किल्लीही एकच होती. आज दरवाजे अनेक आहेत आणि प्रत्येकाची किल्ली निराळी आहे. असें असतां आमचे पुष्कळ हुशार विद्यार्थी दहावीचा निकाल लागल्यावर पुढील विचार करूं लागतात. हें तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखें होय.

आमच्या मतें विचाराचा क्रम उलट असावा. प्रथम पदवीचा अभ्यासक्रम ठरवावा. मग त्याची प्रवेशपरीक्षा पाहावी. तिजवरून अकरावीचे विषय निवडावे, आणि त्या विषयांचा पाया नववींतच घालावा. अभियांत्रिकीच्या जेईई परीक्षेस गणित लागतें. वैद्यकाच्या नीट परीक्षेस जीवशास्त्र लागतें. जो भीतीपोटीं अकरावींत गणित सोडतो, तो त्याबरोबर अभियांत्रिकीची वाटही सोडतो. ज्याचा निश्चय झाला नसेल त्यानें शक्य तर दोन्ही विषय घ्यावे. श्रम अधिक पडतील, परंतु दोन्ही वाटा मोकळ्या राहतील.

अकरावी हें विश्रांतीचें वर्ष, असा एक समज आहे. तो घातक आहे. महाराष्ट्राच्या सीईटी परीक्षेंत सुमारें २० टक्के भाग अकरावीचा असतो. जेईई व नीट यांस तर दोन्ही वर्षांचा अभ्यास लागतो. तसेंच खाजगी क्लासांच्या भरंवशावर बोर्डाची परीक्षा गौण लेखूं नये. जेईईच्या द्वारें एनआयटींत जाऊं इच्छिणाऱ्या खुल्या प्रवर्गांतील विद्यार्थ्यास बारावींत ७५ टक्के गुण, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलांत स्थान, आवश्यक असतें.

कोणी म्हणतील, कोवळ्या वयांत हें ओझें कशाला? आमचें उत्तर असें कीं, संपन्न घरचा मुलगा एक वर्ष घरीं बसून चुकलेली निवड सुधारूं शकतो. ज्याची फी आई धुणींभांडीं करून भरते, त्यास तें वर्ष कोण देणार? योजनेची खरी गरज त्यालाच आहे.

नियम बदलत असतात. तेव्हां ऐकीव गोष्टींवर विसंबूं नये. नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें या सुट्टींत पालकांसह बसून परीक्षांचीं माहितीपत्रकें स्वतः वाचावीं, आपली वाट एका कागदावर लिहावी, व शाळा उघडतांच ती आपल्या वर्गशिक्षकांस दाखवावी.