निर्देशाचा गुन्हा

१

एखाद्या ग्रंथाचा निर्देश करणे आणि तो ग्रंथ प्रसिद्ध करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे विधान इतके उघड आहे की त्याच्या समर्थनार्थ युक्तिवाद करावा लागतो, यातच आजच्या परिस्थितीचे गांभीर्य आहे. गेल्या पाव शतकात निरनिराळ्या देशांतील न्यायालयांनी आणि विधिमंडळांनी ही भिन्नता टप्प्याटप्प्याने पुसट केली. स्वामित्वहक्काचे उल्लंघन करून महाजालावर ठेवलेल्या मजकुराकडे नेणारा दुवा देणे हा काही देशांत आता तुरुंगवासास पात्र अपराध ठरला आहे. हा प्रश्न वकिलांचा, समीक्षेचा त्याच्याशी संबंध नाही, असे मानून मराठी समीक्षाव्यवहार त्याकडे पाठ फिरवून बसला आहे. ही तटस्थता समर्थनीय नाही. निर्देश म्हणजे काय, अवतरण म्हणजे काय, एक संहिता दुसऱ्या संहितेत 'असते' म्हणजे नेमके काय होते, हे प्रश्न साहित्यविचाराचेच आहेत. त्यांची उत्तरे देण्याची साधने ज्या शास्त्राकडे होती, त्यानेच या भेदाविषयीचा गोंधळ प्रतिष्ठित केला.

२

प्रथम वस्तुस्थिती. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २००३ साली 'पेपरबॉय' प्रकरणात असे मानले की, हक्कधारकाने स्वतः खुल्या केलेल्या मजकुराचा दुवा देणारा त्या मजकुराची प्रत करीत नाही; जे आधीच लोकांपुढे आहे, त्याच्याकडे तो केवळ लक्ष वेधतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली 'क्रुक्स विरुद्ध न्यूटन' या खटल्यात दुव्याची तुलना तळटिपेशी केली. तो खटला स्वामित्वहक्काचा नव्हे, बदनामीचा होता. परंतु त्यातील तत्त्व व्यापक होते. अमुक मजकूर अस्तित्वात आहे एवढेच दुवा सांगतो. त्या मजकुराचा आशय तो स्वतः सांगत नाही.

युरोपीय न्यायालयाने मात्र वेगळी वाट धरली. 'स्वेन्सन' प्रकरणाचा २०१४ चा निकाल वरकरणी दुव्याच्या बाजूचा होता: खुल्या मजकुराचा दुवा 'नव्या वाचकवर्गा'पर्यंत पोचत नाही, म्हणून त्यास अनुमती नको. पण हा निष्कर्ष काढताना न्यायालयाने एक गोष्ट मान्य करून टाकली होती, ती अशी की दुवा देणे हीच मुळात 'संज्ञापनाची कृती' आहे. या कबुलीचे फळ २०१६ साली 'जी. एस. मीडिया' प्रकरणात दिसले. मूळ मजकूर अनधिकृत असेल तर दुवा देणाऱ्यास ते ठाऊक होते काय, हा प्रश्न निर्णायक ठरला. आणि दुवा अर्थप्राप्तीसाठी दिलेला असेल तर ते ठाऊक होते असे गृहीत धरावे, असा दंडक घालण्यात आला. म्हणजे तोच पत्ता एकाच्या हातून निर्देश आणि दुसऱ्याच्या हातून प्रकाशन! कृतीचे स्वरूप कृतीत न शोधता कर्त्याच्या मनात आणि त्याच्या हिशेबाच्या वहीत शोधण्याची ही रीत आहे.

हे सारे दिवाणी क्षेत्रातले. फौजदारी क्षेत्रात स्टॉकहोमच्या न्यायालयाने २००९ साली 'पायरेट बे' या संकेतस्थळाशी संबंधित चौघांना उल्लंघनास साहाय्य केल्याबद्दल प्रत्येकी एक वर्षाचा कारावास सुनावला. अपिलात २०१० साली कारावास कमी झाला, भरपाई मात्र वाढली. अर्थात तेथे टोरंट-फाइली होत्या, निव्वळ दुवे नव्हते. पण शेफील्डमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या संकेतस्थळावर चित्रपटांच्या दुव्यांची यादीच होती, आणि तेवढ्यासाठी त्याला अमेरिकेच्या हवाली करण्यास ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी मार्च २०१२ मध्ये संमती दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या समझोत्यामुळे तो प्रसंग टळला.

दक्षिण कोरियाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दुवा देणे हे उल्लंघनास साहाय्य नव्हे असे म्हटले आणि ९ सप्टेंबर २०२१ रोजी पूर्ण न्यायपीठाने तेच मत बदलले. मजकूर जोवर महाजालावर आहे तोवर मूळ अपराध चालूच असतो. म्हणून जाणूनबुजून, अर्थप्राप्तीसाठी आणि सातत्याने दुवे देणारा त्या चालू अपराधास हातभार लावतो, असा हा युक्तिवाद आहे. जपानने २०२० साली थेट कायदाच केला. अनधिकृत मजकुराच्या दुव्यांसाठीच चालवलेल्या संकेतस्थळाच्या चालकास पाच वर्षांपर्यंत कारावास वा पन्नास लाख येनपर्यंत दंड वा दोन्ही, आणि अशा स्थळावर दुवा देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा तीस लाख येनपर्यंत दंड वा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

३

या सर्व निर्णयांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: दुव्यापाशी पोचणे म्हणजे मजकुरापाशी पोचणे. हे गृहीतक साहित्यसिद्धान्ताला अपरिचित नाही. क्रिस्तेवा यांनी १९६०च्या दशकात प्रत्येक संहिता ही इतर संहितांच्या अंशांची जुळणी असते असे प्रतिपादन केले, बार्त यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, आणि जॉर्ज लँडो यांनी १९९२ च्या 'हायपरटेक्स्ट' या ग्रंथात संगणकीय दुवा म्हणजे या विचारांचा जणू मूर्त आविष्कार असल्याचे सांगितले. संहितांच्या सीमा विरल्या, आत आणि बाहेर हा भेद मावळला, असा जयघोष झाला. मराठीतही आंतरसंहितात्मकतेची परिभाषा याच उत्साहाने आली. त्या जयघोषात, सीमाच नसतील तर निर्देश आणि समावेश यांत फरक काय उरतो, हा साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. न्यायालयांनी क्रिस्तेवा वाचल्या असतील असे नव्हे. पण दुवा आणि संहिता एकच, हे फिर्यादी पक्षाचे म्हणणे खोडून काढायला उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा सिद्धान्ताच्या भात्यात बाण नव्हता.

वास्तविक ज्याने 'हायपरटेक्स्ट' हा शब्द १९६५ साली रूढ केला, त्या टेड नेल्सन यांची दृष्टी अधिक काटेकोर होती. एका संहितेतून दुसरीकडे नेणारा दुवा ही एक गोष्ट, आणि दुसरीकडचा अंश आपल्या संहितेत प्रत्यक्ष आणून दाखवणे ही दुसरी, हा भेद त्यांनी आपल्या योजनेत कटाक्षाने राखला. दुसऱ्या प्रकारात मूळ लेखकास मोबदला पोचावा अशी व्यवस्थाही त्यांनी कल्पिली होती. सिद्धान्तकारांनी नेल्सन यांचा शब्द घेतला आणि भेद सोडून दिला.

तो भेद असा मांडता येईल: अवतरणात संहिता वाचकाकडे येते, निर्देशात वाचक संहितेकडे जातो. आपल्या परंपरेतील शाखाचंद्रन्यायाचे मर्म हेच आहे. फांदीच्या टोकाशी चंद्र आहे असे सांगणारा चंद्र फांदीवर आणून ठेवत नाही, आणि ऐकणाराही फांदीला चंद्र समजत नाही. यावर आक्षेप असा की, ग्रंथालयाच्या कार्डावरील क्रमांक आणि बोट लावताच उघडणारा दुवा यांत अंतराचा प्रचंड फरक आहे. जेथे अंतरच नाही तेथे 'जाणे' कसले? या आक्षेपाची कसोटी सोपी आहे. मूळ मजकूर काढून घ्या आणि काय उरते ते पाहा. प्रत केली असेल तर ती उरते. दुवा असेल तर तो कोठेच नेत नाही. वेग वाढला म्हणून क्रियेची जात बदलत नाही. याच कसोटीने हेही मान्य करावे लागेल की, दुसऱ्याचे चित्र वा चित्रफीत आपल्याच पृष्ठाच्या चौकटीत दाखवणारा प्रकार दोहोंच्या सीमेवर आहे. मूळ काढताच तो कोरा पडतो, पण तोवर वाचक जागचा हलत नाही. त्याचा स्वतंत्र विचार व्हावा. पण सीमारेषेवरचे एक घर वादग्रस्त आहे म्हणून सीमाच नाही, असे ठरत नाही.

फूको यांनी १९६९ साली लेखक या संकल्पनेचा विचार करताना एक मार्मिक गोष्ट दाखवली: लेखनाला शिक्षा होऊ लागली, तेव्हा शिक्षा करण्याजोगा कोणी लागतो म्हणून लेखक हे पद दृढ झाले. आजचे दंडविधान याच तर्काने एक नवे पद निर्माण करीत आहे. ते लेखकाचे नाही, प्रकाशकाचेही नाही. ते वाट सांगणाऱ्या वाचकाचे आहे.

४

भारतात याचा अर्थ काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ जाणीवपूर्वक उल्लंघन करणाऱ्याप्रमाणेच त्या उल्लंघनास अपप्रेरणा देणाऱ्यासही लागू होते. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. कृत्य व्यापारी लाभासाठी नसेल तर न्यायालय सबळ कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. अपराध मात्र अपराधच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी 'निट प्रो' प्रकरणात हा अपराध दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे पोलिसांना वॉरंटाविना अटक करता येते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये दुव्यांचा उल्लेख करणारा अपवाद आला खरा, पण त्याचा रोख दुवा पुरवण्याच्या ओघात होणाऱ्या तात्पुरत्या साठवणुकीकडे आहे. दुवा देण्याच्या कृतीला त्याने थेट अभय दिलेले नाही.

उरतो अपप्रेरणेचा अर्थ. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ नुसार साहाय्य हे कृत्य घडण्यापूर्वी वा घडत असताना केलेले असावे लागते. पुस्तकाची छायाप्रत महाजालावर चढली तेव्हाच कृत्य संपले असे मानले, तर नंतर दिलेला दुवा अपप्रेरणा ठरत नाही. ते चालूच आहे असे मानले, तर कोरियाची वाट भारतालाही मोकळी आहे; आणि तेथे न्यायालयाने घातलेल्या अर्थप्राप्तीच्या व सातत्याच्या अटी भारतीय कलमात लिहिलेल्या नाहीत. एका अभ्यासकाचे स्वातंत्र्य अशा एका क्रियापदाच्या काळावर अवलंबून राहावे, ही स्थिती भाषेच्या अभ्यासकांना तरी अस्वस्थ करणारी असावी.

मराठीच्या संशोधकाची अडचण येथे सुरू होते. भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या योजनेत छायांकित झालेली असंख्य पुस्तके आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत आणि त्यांत मराठी पुस्तकेही आहेत. स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या साठ वर्षांपर्यंत राहतो. मर्ढेकर १९५६ साली निवर्तले, म्हणून त्यांचे लेखन २०१७ पासून मुक्त आहे. अत्रे १९६९ साली गेले, त्यांचे लेखन २०२९ अखेर संरक्षित राहील. इरावती कर्वे यांचे २०३० अखेर. ही नावे ठळक आहेत म्हणून हिशेब सोपा आहे. पण जुन्या मासिकाच्या एका अंकात वीस लेखक असतात. त्यांतील काहींच्या मृत्यूचे साल चरित्रकोशातही मिळत नाही. त्या अंकाच्या छायाप्रतीचा पत्ता प्रबंधाच्या टिपेत देणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम वीस मृत्युनोंदी गोळा कराव्यात काय?

येथे एक विसंगतीही आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अध्यापनाच्या ओघात ग्रंथांतील पृष्ठांच्या प्रती काढण्यास कायद्याची मुभा असल्याचे मानले. म्हणजे शिक्षकाने पृष्ठांच्या प्रती करून वाटल्या तर त्याला संरक्षण आहे. ती पृष्ठे कोठे आहेत एवढेच सांगितले तर मात्र संशयाला वाव आहे. प्रत करणाऱ्यापेक्षा पत्ता सांगणारा अधिक असुरक्षित असावा, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही.

५

प्रतिपक्षाची बाजू क्षुल्लक नाही. ज्या लेखकाच्या पुस्तकाची लहानशी आवृत्ती वर्षानुवर्षे संपत नाही, त्याच पुस्तकाची फुकट प्रत हातोहात फिरते, तेव्हा होणारी हानी खरी असते. चोरीच्या मालाची यादी छापून जाहिरातींवर पैसा मिळवणारा इसम तळटिपेचा आडोसा घेऊ लागला, तर त्याची कीव करण्याचे कारण नाही. परंतु अशा धंद्यासाठी दिवाणी उपाय उपलब्ध आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली 'यू टी व्ही' प्रकरणात अशी संकेतस्थळे आणि त्यांची नव्या नावांनी निघणारी रूपेही बंद करण्याचा मार्ग आखून दिला. जपानच्या कठोर कायद्यानेसुद्धा हा अपराध हक्कधारकाच्या तक्रारीवर अवलंबून ठेवला आहे आणि तो अशाच हेतूने चालणाऱ्या स्थळांपुरता मर्यादित केला आहे. भारतीय कलमात यांपैकी एकही बंधन नाही. आणि जे कलम धंदा आणि टीप यांत फरक करीत नाही, ते उद्या टिपेवरच पडते, कारण धंदेवाला परदेशी बसलेला असतो आणि टीप लिहिणारा विद्यार्थी हाताशी असतो.

म्हणून मागणी स्पष्ट असावी: कलम ६३ मधील अपप्रेरणेच्या कक्षेतून निर्देश वगळण्यात यावा, निर्देशाचा व्यापार करणाऱ्यांवर दिवाणी कारवाई व्हावी. ही मागणी करण्याचा अधिकार समीक्षेला आहे आणि ते तिचे कर्तव्यही आहे. पण ती करण्यापूर्वी तिला आपल्या परिभाषेची झाडाझडती घ्यावी लागेल. 'सर्व काही संहिताच' हे वाक्य चर्चासत्रात टाळ्या मिळवते. फौजदारी न्यायालयात ते आरोपपत्राचे पहिले वाक्य होऊ शकते. ज्या विद्याशाखेचा सारा व्यवहार 'अमुक ठिकाणी पाहा' या दोन-तीन शब्दांवर चालतो, तिने त्या शब्दांचे रक्षण केले नाही, तर ते दुसरे कोणी करणार नाही.