‘आपल्या रक्तातच आहे’? भ्रष्टाचाराचा नकाशा आणि इतिहासाची साक्ष (थ्रेड)

१/
दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास जगाचा एक नकाशा समाजमाध्यमांवर फिरू लागतो. स्वच्छ देश पिवळे, भ्रष्ट देश लाल. भारताचा रंग तांबूस. त्याखाली आपल्याच माणसांचे एक वाक्य हमखास सापडते : ‘आपल्या रक्तातच आहे ते.’ इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून या वाक्याला माझी हरकत आहे. ती इथे मांडते.

२/
आधी नकाशाविषयी. बर्लिन येथे १९९३ साली स्थापन झालेली ‘ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल’ ही संस्था १९९५ पासून हा निर्देशांक प्रसिद्ध करते. ० म्हणजे अत्यंत भ्रष्ट, १०० म्हणजे अत्यंत स्वच्छ. २०२४ च्या यादीत १८० देश आहेत. त्यात डेन्मार्कला ९० गुण मिळाले, तर भारताला ३८ गुण आणि ९६ वा क्रमांक.

३/
पण हे गुण कशाचे? लाचेची पावती नसते, म्हणून ती थेट मोजता येत नाही. तज्ज्ञ आणि उद्योजक एखाद्या देशाच्या सरकारी क्षेत्राविषयी काय समजतात, हे निरनिराळ्या पाहण्यांतून गोळा करून हा आकडा तयार होतो. तलाठ्याच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा अनुभव त्यात थेट येत नाही. निर्देशांकाच्या नावातच ‘समज’ आहे. आपण मात्र तो निकाल म्हणून वाचतो.

४/
मोजमाप सरकारी क्षेत्राचे असल्यामुळे काही गोष्टी चौकटीबाहेर राहतात. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातील शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरोंचे संशयास्पद व्यवहार झाले. जर्मनीत तर परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच १९९९ पर्यंत व्यवसायाचा खर्च म्हणून करातून वजा करता येत असे! घेणाऱ्याचा देश लाल झाला, देणाऱ्याचा पिवळाच राहिला.

५/
आता मागे जाऊ. अठराव्या शतकातील इंग्लंड पाहा. ओल्ड सेरम ही जवळजवळ निर्मनुष्य टेकडी. तरी तिच्या वतीने पार्लमेंटात दोन सभासद बसत. हा मतदारसंघ थॉमस पिट याने विकत घेतला होता, तोही हिंदुस्थानच्या व्यापारात कमावलेल्या संपत्तीतून. सैन्यातील अधिकारपदे तर राजरोस विकली जात. हा आकडा तेव्हा काढला असता, तर ब्रिटन कोणत्या रंगात दिसले असते?

६/
१७५७ मध्ये प्लासीनंतर रॉबर्ट क्लाइव्हने मीर जाफरकडून सुमारे २,३४,००० पौंड ‘नजराणा’ म्हणून घेतले. पार्लमेंटात चौकशी झाली. १७७३ मध्ये सभागृहाने रक्कम घेतल्याचे नोंदवले आणि त्याच वेळी त्याने देशाची थोर सेवा केल्याचाही निर्वाळा दिला.

७/
यानंतर कॉर्नवॉलिस आला (१७८६). कंपनीचे गोरे नोकर लाचखोर आहेत, हे त्याला ठाऊक होते. त्याचे निदान असे की त्यांचा पगार अपुरा आहे. म्हणून कलेक्टरला दरमहा १,५०० रुपये आणि वसुलीवर मोबदला मिळू लागला. हिंदी माणसांबद्दल त्याचे निदान वेगळे होते : हे मुळातच भ्रष्ट. म्हणून त्यांना वरिष्ठ पदांची दारे बंद झाली.

८/
रोग एकच, पण एकाला औषध आणि दुसऱ्याला हद्दपारी. ‘रक्तातच आहे’ या वाक्याला असा जुना इतिहास आहे. एका राज्यकर्त्याची समज धोरण बनली आणि त्या धोरणाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना स्वतःच्या देशाच्या कारभारातून बाहेर ठेवले. आज तेच वाक्य आपण स्वतःहून उच्चारतो.

९/
मग ब्रिटन सुधारले कसे? रक्त बदलून नव्हे. १८३२ मध्ये ओल्ड सेरमसारखे मतदारसंघ रद्द झाले. १८७० पासून सरकारी नोकरीसाठी खुली स्पर्धा परीक्षा रुळली. १८७१ मध्ये सैन्यातील पदांची विक्री थांबली, १८७२ मध्ये गुप्त मतदान आले, १८८३ मध्ये निवडणुकीतील खर्चावर कायद्याने मर्यादा आली. यास अर्धे शतक लागले, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणाचे तरी हितसंबंध दुखावले गेले.

१०/
आपले दप्तरही प्रामाणिकपणे वाचायला हवे. मराठी राज्याच्या महसुली कारभारात ‘दरबारखर्च’ आणि ‘अंतस्थ’ हे शब्द भेटतात. एल्फिन्स्टनने पेशवाईच्या मुलखावरील अहवालात नोंदवले आहे की मूळची लाच हळूहळू ठरलेली फी बनली आणि तिचाही रीतसर हिशेब होऊ लागला. मग पुन्हा नवी लाच लागली. एल्फिन्स्टन जेता होता, हे विसरू नये. पण ‘अंतस्थ’ हा शब्द त्याने आणलेला नाही, तो आपलाच आहे.

११/
म्हणून हा थ्रेड म्हणजे स्वतःची पाठ थोपटणे नव्हे. दाखल्यासाठी मोजावे लागणारे पैसे गरिबाच्याच ताटातून जातात, आणि ‘इंग्रजही खात होते’ म्हटल्याने ते परत येत नाहीत. माझी तक्रार इतकीच की ‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्याला पुढे काही करावेच लागत नाही. वरकरणी तो आत्मटीका करतो, प्रत्यक्षात त्याने हात झटकलेले असतात.

१२/
१९९४ पासून राजस्थानच्या खेड्यांत मजुरांनी जनसुनावण्यांत सरकारी हजेरीपट जाहीरपणे वाचून घेतले. मेलेल्या माणसांच्या नावावरही मजुरी उचललेली निघाली. माहितीच्या अधिकाराची देशभरातील मागणी अशा लढ्यांतून बळावली आणि २००५ मध्ये कायदा झाला. त्या मजुरांनी रक्ताची चर्चा केली नाही. त्यांनी कागद मागितला.

१३/
पुढच्या वर्षी तो नकाशा पुन्हा येईल. तेव्हा आपला रंग जरूर पाहा, पण सोबत तीन प्रश्न विचारा : हे मत कोणाचे? लाच देणारा कुठल्या देशाचा? आणि आपल्या गावचा हिशेब आपण शेवटचा कधी पाहिला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बर्लिनहून येणार नाही.
(समाप्त)