पीलबुवांची आवड

रेडिओवर निवेदकाची स्वतःची आवड ऐकू यावी ती जॉन पीलसारखी. १९६७ पासून २००४ मध्ये निधन होईपर्यंत हा माणूस बीबीसी रेडिओ वनवर कुणी न विचारलेले बँड वाजवत राहिला. डेरीच्या पोरांचा ‘द अंडरटोन्स’ त्यातलाच. १९७८ चं त्यांचं ‘टीनएज किक्स’ बेलफास्टमधल्या एका रेकॉर्ड-दुकानदाराच्या लेबलनं काढलेलं, जेमतेम अडीच मिनिटांचं. पीलनं ते लागोपाठ दोनदा लावलं आणि मरेपर्यंत त्यालाच सर्वांत लाडकं मानलं. पीलचा दुसरा जीव ‘द फॉल’वर. त्या बँडची सलग तीन गाणी मला सोसवत नाहीत (पीलभक्तांनी माफ करावं!), पण पीलनं त्याची वीसहून अधिक सेशन्स ध्वनिमुद्रित करवली. तबकडी कधीकधी चुकीच्या वेगानं वाजायची. श्रोते तेही चालवून घेत.