ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस ओढतो खरा, पण थांबवतो कसा?

कारखान्यांची धुराडी पेटली की ते रील यायला लागतात. चढावर उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या गच्च भरलेल्या, सायलेन्सरमधून काळा धूर आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं हवेत. बोनेटवर दोन-तीन पोरं बसलेली, बॅकग्राउंडला डीजे. खाली कमेंट ठरलेल्या, 'नाद खुळा', 'पट्टीचा ड्रायव्हर'.

ड्रायव्हर पट्टीचा असतोच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या रीलमध्ये नेमकं काय घडतंय ते बघू.

५० एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरचं वजन साधारण सव्वादोन टन. दोन ट्रॉल्यांत मिळून २० टन ऊस सहज भरला जातो, कधी त्याहूनही जास्त. रिकाम्या ट्रॉल्यांचं वजन चारेक टन धरा. म्हणजे सव्वादोन टनांचं वाहन स्वतःच्या दहापट वजन ओढतंय.

अंदाज यावा म्हणून अमेरिकेतलं उदाहरण घेऊ. तिकडं पिकअपच्या मागं चाकावरचं घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, जोडून सुट्टीला जायची पद्धत आहे. फोर्डची एफ-१५० ही तिथली सगळ्यात गाजलेली पिकअप. सगळी जोडणी व्यवस्थित असेल तर ती जास्तीत जास्त ६ टनांच्या आसपास ओढू शकते, असं कंपनी सांगते. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या अडीच-तीनपट. तरी एवढं ओढणं सेफ आहे का, यावर तिकडं लोक तासन् तास वाद घालतात. तिथल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पाउंड, म्हणजे १,३६० किलोच्या वर ट्रेलर असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात.

आपल्याकडं रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक ऊस ट्रॉल्यांना ट्रॅक्टरच्या पायब्रेकवर चालणारे ब्रेक नसतात. एकेका ट्रॉलीत १० टन ऊस असतो आणि ती थांबवायची ती फक्त ट्रॅक्टरनं. तीही चार चाकांनी नव्हे, कारण शेतीच्या ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते साधारणपणे मागच्या दोन चाकांनाच.

आता साधा हिशोब. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर त्याचं साठेक टक्के वजन येतं, म्हणजे १.३ ते १.४ टन. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड चांगली धरली तरी ती चाकं फार तर १ टनाच्या आसपास जोर लावून गाडी रोखू शकतात. रोखायचं वजन मात्र ट्रॅक्टर धरून २६ टन. सपाट रस्त्यावर २५ किलोमीटरच्या वेगानं चाललेला असा ट्रॅक्टर ब्रेक दाबल्यापासून थांबायला कितीतरी लांब रस्ता खातो. त्याच वेगातली कार चार-पाच मीटरमध्ये उभी राहते.

हे सपाटीचं झालं. उतारावर तर गणितच फिरतं. दर २० मीटरला १ मीटर उतरणारा रस्ता असला, तर ब्रेकचा सगळा जोर वजन रोखून धरण्यातच जातो, वेग कमी करायला काहीच उरत नाही. मुरकुंडीला येऊन ड्रायव्हर गिअर खालचा टाकतो, पण इंजिनचा जोरही शेवटी त्याच दोन चाकांतून रस्त्याला लागतो. टायरची पकड सुटली की विषय संपला. मागच्या ट्रॉल्या पुढं रेटत राहतात, ट्रॅक्टर आडवा होतो आणि पलटतो. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांकडं सरकतं, मागची चाकं आणखी हलकी होतात, हे वेगळंच.

चढावर उलटं होतं. मागची चाकं जोर लावतात तसा ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलला जातो. चाकं हवेत गेली की सगळं वजन मागं येतं, पकड वाढते आणि ट्रॅक्टर आणखी ओढतो. म्हणून तर तो चढ चढतो. पण स्टिअरिंग तेव्हा शोभेपुरतं उरतं. ड्रायव्हर डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे दाबून ट्रॅक्टर वळवत असतो. बोनेटवर बसलेली पोरं तिथं वजन म्हणून बसवलेली असतात, आणि काही चुकलं तर पहिली खाली येणारी तीच. ट्रॉलीचा हुक जितका उंच, तितका ट्रॅक्टर मागं उलटायचा धोका जास्त. एवढं होऊन हे सगळं रात्री, टेललॅम्प नसलेल्या आणि बाहेर आलेल्या उसानं रिफ्लेक्टरही झाकलेल्या ट्रॉलीसोबत चालतं. मागून येणाऱ्या बाईकवाल्याला ती दिसते तेव्हा अंतर फारसं उरलेलं नसतं.

मग एवढं भरतात कशाला? कारण वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला, टोळीच्या मुकादमाला उचल दिलेली. टोळी मध्येच पळून गेली तर ते पैसेही बुडाले. त्यात कारखान्याच्या यार्डात नंबर लागायला कधी कधी अख्खी रात्र जाते. रांग तेवढीच लागणार असेल तर १२ टन घेऊन कोण जाईल?

कायद्यात दंड कमी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढं न्यायची नाही, असंही कायदा सांगतो. हंगामात पोलीस आणि आरटीओ रिफ्लेक्टर लावतात, टेप बंद करायला लावतात. ते बरंच आहे, पण रिफ्लेक्टरनं ब्रेक लागत नाही.

गंमत म्हणजे हा ओव्हरलोड पकडायला रस्त्यावर उभं राहायची गरजच नाही. प्रत्येक खेप कारखान्याच्या काट्यावर जाते. वाहन आणि वजन पावतीवर छापलं जातं, आणि त्याच आकड्यावर वाहतुकीचे पैसे निघतात. आरसी बुकवर किती वजनाची परवानगी आहे, हेही सरकारकडं नोंदलेलं आहे. दोन आकडे शेजारी ठेवायचे, एवढंच काम. परवानगीच्या वरच्या टनाला वाहतूक दर नाही, असं ठरलं तर पुढच्या आठवड्यात ट्रॉल्या अर्ध्या दिसतील.

असं का ठरत नाही, तर खेपा वाढल्या की वाहतूक महागणार आणि महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून कापला जातो. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागं ३,५५० रुपये एफआरपी आहे, त्यातून ही कपात होते. म्हणजे ट्रॉलीला ब्रेक बसवा किंवा वजन कमी करा, आजच्या पद्धतीत त्याचं बिल शेवटी ऊसवाल्याच्या पावतीवर येतं. कारखान्यानं त्यातला काही भाग उचलायचा का, हा प्रश्न दरवर्षी दराच्या आंदोलनात मागं पडतो आणि एप्रिलमध्ये यार्ड रिकामं होतं.