हापशी मारली, पाणी कोणी तपासले?



तळ्याचे पाणी पिऊन हगवण-पटकीने माणसे मरतात, म्हणून १९७० नंतर बांगलादेशात गावोगाव नळकूप मारले गेले. पश्चिम बंगालातही तेच. जंतू टळले, पण खालच्या गाळातले आर्सेनिक, म्हणजे सोमल, पोटात गेले. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही. १९८३ साली कोलकात्याच्या डॉक्टरांनी हा रोग ओळखला. अंगावर डाग, तळहात-तळपाय खरखरीत. पुढे वर्षांनी कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग. त्याच पाण्यात उभा असलेला उन्हाळी भात सोमल ताटातही आणतो.

हा काय शेतकऱ्याचा अडाणीपणा? मुळीच नाही! नळकूप किती झाले याचा हिशेब ठेवणाऱ्यांनी पाण्यात सोमल आहे का, हे पाहिलेच नाही. उशिरा जाग आली, तेव्हा बांगलादेशात लाखो नळकूप तपासून विषारी ते लाल, बरे ते हिरवे रंगवले.

आपण निर्धास्त राहायचे? यवतमाळ-चंद्रपुरात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दात डागाळले, हाडे वाकवली. तेही डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून ग्रामसभेत एकच मागणी करा : प्रत्येक हापशीचा रासायनिक अहवाल हापशीशेजारीच रंगवा. पाणी आम्ही पितो. अहवाल कचेरीच्या कपाटात कशाला?