दारावरचा पिवळा स्टिकर

मंडळी, या वीकेंडला जरा वजनदार विषय घेतोय. अगदी शब्दशः वजनदार.

अमेरिकेत आठ-दहा वर्षं काढली, ग्रीन कार्डाची रांग पुढे सरकत नाही हे मनाशी मान्य केलं, पोरं थोडी मोठी झाली, की आपल्या देशी मंडळींना एक नवीन किडा चावतो. कॅम्परचा. मोटेलच्या खोल्या, बाहेरचं खाणं, शाकाहारी काय मिळेल याची चौकशी, या सगळ्याचा कंटाळा आलेला असतो. त्यापेक्षा आपलं घरच मागे बांधून न्यावं, सकाळी यलोस्टोनमध्ये स्वतःच्या शेगडीवर पोहे करावेत! कल्पना झकास आहे, मी तिच्या विरोधात अजिबात नाही. माझं भांडण आहे ते ट्रक कुठला घ्यायचा हे ठरवण्याच्या पद्धतीशी.

पद्धत अशी असते. आधी ट्रक आवडतो. मग त्याची टोइंग कपॅसिटी बघायची. समजा ११,००० पौंड. मग कॅम्परच्या ब्रोशरमधलं कोरडं वजन बघायचं, समजा ७,६००. वजाबाकी करायची, बाकी भरपूर उरते, खूश व्हायचं आणि सही करायची. कोड लिहिताना ज्या माणसाला प्रत्येक एज केस सुचते, तोच माणूस साठ-सत्तर हजार डॉलरची खरेदी एका वजाबाकीवर करतो. कमाल आहे!

यात दोन्ही आकडे खोटे नाहीत. पण दोन्ही बिनकामाचे आहेत.

कोरडं वजन म्हणजे कारखान्यातून निघालेला रिकामा डबा. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, गाद्यांवरच्या रजया नाहीत, कुकर नाही, तांदळाची पिशवी नाही. नुसतं पाणीच एका गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ५० गॅलनची टाकी भरली की चारशेच्या वर गेलात. म्हणून कॅम्परचा जीव्हीडब्ल्यूआर बघावा, म्हणजे तो भरून जास्तीत जास्त किती वजनाचा होऊ शकतो तो आकडा, आणि आपण त्याच्या जवळपास पोचणारच असं धरून चालावं. आपली माणसं हलकं सामान नेत नाहीत. विमानाच्या बॅगांचा अनुभव आठवा.

आता ट्रकची टोइंग कपॅसिटी. पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या मनाने काढायची. २००८ मध्ये एसएई या संस्थेने जे२८०७ नावाचं मानक काढलं. टोयोटाने २०११ च्या टंड्राला ते लावलं, डेट्रॉइटच्या तिघांनी साधारण २०१५ च्या मॉडेलपासून. चाचणी चांगली कडक आहे. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळ हायवे ६८ चा ११ मैलांपेक्षा लांब चढ आहे, तो १०० डिग्री फॅरनहाइटमध्ये, एसी फुल ठेवून, मागे पूर्ण वजन लावून चढायचा आणि साध्या ट्रकने ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. मानलं! पण याच चाचणीत ट्रकमध्ये माणसं किती धरलीत? दोन. प्रत्येकी १५० पौंडांची. मागच्या सीटवर कोणी नाही, बेडमध्ये सायकली नाहीत, शेगडीसाठीची लाकडं नाहीत. म्हणजे बेंचमार्क उत्तम आहे, फक्त तुमच्या प्रॉडक्शनमधला लोड वेगळा आहे.

खरा आकडा ब्रोशरमध्ये नसतोच. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचा एक स्टिकर असतो, टायरच्या हवेची माहिती देणारा. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. हा त्या एका विशिष्ट ट्रकचा पेलोड. मॉडेलचा नव्हे, त्या ट्रकचा. सनरूफ घेतलं, चामड्याच्या गरम-गार होणाऱ्या सीटा घेतल्या, फोर व्हील ड्राइव्ह घेतलं, की ते सगळं वजन यातून वजा होतं. म्हणून एकाच रांगेतल्या एकाच नावाच्या दोन ट्रकांवर चारपाचशे पौंडांचा फरक सहज दिसतो.

पण कॅम्पर तर मागे चाकांवर चालतो, त्याचा पेलोडशी संबंध काय? इथेच सगळे फसतात. ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली असेल त्यांना हे सांगावं लागणार नाही. माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळते, पुढे जास्त झाला तर जू बैलांच्या मानेवर बसतं. भरणारा माणूस अंदाजाने माल पुढे-मागे करतो आणि मानेवर थोडं वजन मुद्दाम ठेवतो. कॅम्परचं तंतोतंत तेच. बंपरमागे लावायच्या कॅम्परचं १० ते १५ टक्के वजन हिचवर यावंच लागतं, नाहीतर तो हायवेवर शेपटीसारखा डोलायला लागतो आणि ट्रकलाही डोलवतो. फिफ्थ व्हील म्हणजे बेडमध्ये बसवलेल्या हिचवर टेकणारा मोठा कॅम्पर. त्यात हाच वाटा १५ ते २५ टक्के, साधारण २० च्या वरच धरावा. हे वजन ट्रक ओढत नाही, पाठीवर घेतो. म्हणजे ते थेट पेलोडमधून जातं.

आता एक खरंखुरं गणित. माझ्या ऑफिसातला एक मित्र सध्या याच फेऱ्यात आहे. नवरा-बायको, दोन मुलं आणि उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येणारे आई-बाबा. सगळा खटाटोप मुळात आई-बाबांसाठी. बाबांचे गुडघे गेलेत, रोज नवीन मोटेल आणि जिने नकोत. कॅम्पर पसंत केलाय ९,५०० पौंड जीव्हीडब्ल्यूआरचा. (म्हणजे ४.३ टन. एक चांगला थोराड हत्ती.) त्याच्यासाठी हाफ-टन ट्रक, पुढे सलग बाकडं असलेला, म्हणजे सहा जणांची सोय. टोइंग कपॅसिटी ११,०००. स्टिकरवर १,५४०.

कॅम्पर भरून ९,००० धरला तर १३ टक्क्यांनी हिचवर १,१७० पौंड. सहा माणसं मिळून ७५०. वजन वाटणारं हिच १००. जनरेटर, खुर्च्या, सायकली वगैरे २००. बेरीज २,२२०. स्टिकरपेक्षा ६८० ने जास्त! आई-बाबांना घरी ठेवलं तरी जवळपास ४०० ने जास्तच. आणि ११,००० चा आकडा मात्र अजून ऐटीत म्हणतोय की दोन हजार पौंड शिल्लक आहेत.

मित्राचं म्हणणं, "अरे, सगळेच तर ओढतात. मागे एअरबॅग टाकू, बसलेला ट्रक सरळ होईल." सरळ दिसेल, बरोबर. स्प्रिंगला मदत देऊन ट्रकची पाठ वर येते. ॲक्सल, चाकं, टायर, ब्रेक तेच राहतात आणि स्टिकरवरचा आकडाही तोच राहतो. वजन वाटणारं हिचसुद्धा ओझं पुढच्या चाकांकडे सरकवतं, नाहीसं करत नाही. ते जरूर घ्यावं, पण त्याच्या भरवशावर बेरीज बदलू नये.

मग विक्रेता तुम्हाला पुढच्या रांगेत नेतो. थ्री-क्वार्टर टन, डिझेल, वरची ट्रिम. प्रचंड ट्रक, टॉर्कचा आकडा ऐकूनच छाती फुगते. दार उघडा. आम्ही उघडलं तेव्हा २,०५० होतं. म्हणजे आमची बेरीज इथेही बसत नाही! त्याच्या शेजारी तोच ट्रक, पेट्रोल इंजिन, साध्या ट्रिमचा, त्यावर २,९०० च्या वर.

हे विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. या वर्गातल्या बऱ्याच ट्रकांचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांवर थांबवलेला असतो. त्याच्या वर एक पौंड गेला की वाहनाचा सरकारी वर्ग बदलतो आणि धंद्यासाठी ट्रक वापरणाऱ्यांना वेगळे नियम लागू होतात. छत १०,००० ला ठोकलंय, आणि डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा काही शे पौंडांनी जड. ते वजन जाणार कुठून? तुमच्या पेलोडमधून. म्हणजे सुमारे दहा हजार डॉलर जास्त मोजून तुम्ही ओढायची ताकद विकत घेता आणि पाठीवर घ्यायची ताकद कमी करून घेता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. डिझेलच हवं असेल तर थ्री-क्वार्टर टनमध्ये घेऊ नका, सरळ वन-टन घ्या. म्हणजे एफ-३५०, सिल्व्हरॅडो ३५००, रॅम ३५००, मागे एकेरी चाकांची. कॅब तीच, इंजिन तेच, पार्किंगला जागा तेवढीच. रॅममध्ये २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत आणि ३५०० ला लीफ, म्हणजे बसताना थोडा कडकपणा जाणवेल. किमतीतला फरक डिझेलच्या फरकापुढे किरकोळ आहे, आणि स्टिकरवर हजार-दीड हजार पौंड वाढून मिळतात. आपण कोणी कंत्राटदार नाही, सुट्टीसाठी कॅम्पर ओढणाऱ्या घराला त्या १०,००० च्या छताचा काडीचा फायदा नाही.

आणि एक अनुभवाची गोष्ट. पहिला कॅम्पर कुणाचाच शेवटचा नसतो. दोन-तीन वर्षांत १४,००० पौंडांचं फिफ्थ व्हील खुणावायला लागतं. त्याचे २० टक्के म्हणजे २,८००, हिच २००, माणसं ७५०. झाले ३,७५०, आणि अजून कुलर ठेवलेला नाही. इथे एकेरी चाकांचा वन-टनसुद्धा काठावर येतो. त्याच्या पुढे ड्युअली, मागे चार चाकं. ट्रक सुंदर, पण आठ फूट रुंद आणि लांब बेडचा असेल तर सुमारे २२ फूट लांब. तो रोज ऑफिसला न्यायचा विचार असेल तर आधी पार्किंगचा मजला बघून या. घराच्या गॅरेजचं तर नावच नको.

डिझेल की पेट्रोल यावर लोक रात्र रात्र भांडतात. मी थोडक्यात उरकतो. वर्षातून चार ट्रिप, बहुतेक सपाटीवर, आणि एरवी ट्रक किराणा आणायला? पेट्रोल. २०२० पासून फोर्डचं ७.३ लिटर आणि जीएमचं ६.६ लिटर पेट्रोल इंजिन आलं, दोन्ही साधी आणि दणकट. डिझेलला छोट्या छोट्या फेऱ्या मानवत नाहीत, धुराचा फिल्टर तुंबतो. पण कोलोरॅडोसारख्या ठिकाणी राहात असाल तर मी डिझेलच्या बाजूने. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोचेपर्यंत एक तृतीयांश गायब.

तरी चढ हा फक्त कंटाळ्याचा प्रश्न. उजव्या लेनमधून ट्रकांच्या मागे हळूहळू जायचं, पॉडकास्ट ऐकायचा. खरी परीक्षा उतारावर. बोर घाटात ट्रकवाले रिकाम्या उतारावरही खालच्या गिअरमध्ये घुरघुरत उतरताना आपण लहानपणी एसटीच्या खिडकीतून पाहिलेत आणि त्यांच्यामुळे उशीर होतो म्हणून वैतागलोही आहोत. ते शहाणे असतात. ब्रेक दाबत राहिलं की तापतात, तापले की धरत नाहीत. आय-७० वर वेग हाताबाहेर गेलेल्या ट्रकांसाठी रेतीचे चढ मुद्दाम बांधून ठेवलेत. डिझेलमधला एक्झॉस्ट ब्रेक हे काम पाय न लावता करतो. सहा माणसं पुढे आणि चार टन मागे असताना मला टॉर्कपेक्षा त्याचे पैसे जास्त पटतात. कॅम्परचे स्वतःचे ब्रेक आणि ते चालवणारा ट्रकमधला कंट्रोलर तर हवाच, त्यात घासाघीस नाही.

कॅलिफोर्नियावाल्यांनी आणखी एक बघावं. तिथे १०,००० पौंडांच्या वरच्या ट्रॅव्हल ट्रेलरला आणि तेवढ्याच वजनाच्या वरच्या फिफ्थ व्हीलला साधं लायसन्स चालत नाही, वेगळी परीक्षा द्यावी लागते. विक्रेता हे आपणहून सांगेलच असं नाही.

आणि वर्षातून एकदाच, तेही आई-बाबा आले तरच जायचं असेल, तर ट्रक घेऊच नका. कॅम्पर भाड्याने देणारे बरेच मालक तो कॅम्पग्राउंडवर आणून, लावून देतात. तुम्ही मिनीव्हॅनमधून जा. हे मी मित्राला सांगितलं, तर तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. ट्रकच हवा होता, कॅम्पर निमित्त होतं. चालायचंच.

सध्या त्याची गाडी वन-टन पेट्रोलवर येऊन थांबली आहे, स्टिकर ४,००० च्या थोडा वर. घेतला की पहिल्या ट्रिपच्या आधी कॅम्पर पूर्ण भरून, सगळ्यांना बसवून हायवेवरच्या ट्रक स्टॉपच्या कॅट काट्यावर न्यायचा असं ठरलंय. पंधरा-वीस डॉलरात पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि कॅम्पर अशी तीन वेगळी वजनं छापून मिळतात. काकूंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "म्हणजे माझंही वजन करणार का रे?" मी म्हटलं, काकू, एकट्या तुमचं नाही. तुमच्या लोणच्याच्या बरण्यांसकट.