अर्जातले इंग्रजी

इंग्रजी वाक्य जितके लांब तितका लिहिणारा विद्वान, हा समज आपल्या घरांत इतका रुजला आहे की त्याविरुद्ध बोलणारा अडाणी ठरतो. तो आरोप पत्करून लिहितो.

सेवेत असताना अणशीकडील एका कुटुंबाचा जमिनीसंबंधीचा इंग्रजी अर्ज माझ्या टेबलावर आला. पानभर एकच वाक्य! आजोबा कधी आले, रान कोणी साफ केले, भात किती पिकते, उतारा कोणाच्या नावे. आणि मागणी अगदी तळाशी. मी ती शोधून काढली. माझ्या वरिष्ठांनी तेवढे कष्ट घेतले नाहीत. अर्ज दप्तरी गेला. लिहिणारा मुलगा पदवीधर होता आणि व्याकरणाची चूक एकही नव्हती.

मग चुकले कुठे? मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘येऊन, राहून, कसून, असल्यामुळे’ अशी माळ ओवली तरी ऐकणारा शेवटपर्यंत थांबतो. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद लागते. आपली माळ तशीच तिकडे नेली, की कोणी काय केले हेच हाती लागत नाही.

‘आपल्या भाषेचे वळण का सोडावे?’ असे काही ज्येष्ठ विचारतात. मराठी लिहिताना सोडू नकाच. पण वळण म्हणजे तरी काय? मोडीत शब्द सलग लिहीत. विरामचिन्हे मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्या खटपटीने. चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली ती इंग्रजी निबंध पचवून. (त्यांची वाक्येही लांब, हे कबूल, पण त्यांत वाट चुकत नाही.) मराठी त्याने बाटली नाही.

अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ चे, व्याघ्र प्रकल्प २००७ चा. आपली घरे त्याआधीची. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये आदिवासी नसलेल्या आपल्यासारख्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. ग्रामसभेत आपली बोली चालेल. धारवाडच्या खंडपीठापुढे कागद इंग्रजीतच लागतो.

आणि शाळांतून अजून पावसाळ्यावरचा निबंध पाठ करून घेतात! त्याऐवजी घरातल्या मुलाला आजोबांच्या जमिनीची हकीकत इंग्रजीत लिहायला बसवा. पहिल्या परिच्छेदात आपण कोण व मागणी काय, दुसऱ्यात वास्तव्य केव्हापासून, तिसऱ्यात पुरावे. प्रत्येकाचे पहिले वाक्य वाचूनच आत काय आहे ते कळले पाहिजे. न कळल्यास कागद परत द्या.